ब्रेन कोरल ओळखायचं कसं आणि घरात सांभाळायचं कसं

ब्रेन कोरल म्हणजे समुद्रातले दगडी प्रवाळ, पण हे एकाच प्राण्याचं नाव नाही. दगडावर मेंदूसारख्या वळ्या दिसल्या की बाजारात त्याला हे नाव पडतं, आणि त्या एका नावाखाली निदान सात-आठ वेगळे वंश विकले जातात. त्यातला एक वाळूत बसणारा, दुसरा खडकाला चिकटून वाढणारा. एकाच्या शेजारी कुणीही राहावं, तर दुसरा रात्री दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या, दोऱ्यांसारख्या दंश करणाऱ्या शुंडा बाहेर काढून शेजाऱ्याला जाळतो. ओळख चुकली की जागा चुकते, जागा चुकली की मांस फाटतं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत टँकमध्ये नुसता पांढरा दगड उरतो.

त्यामुळे आधी त्याची रचना समजून घेऊ. हाताला जड लागतो तो जवळजवळ सगळा चुनखडीचा सांगाडा असतो. जिवंत भाग म्हणजे त्यावर पसरलेलं मांसाचं पातळ आवरण. दिवसा जो गुबगुबीत गोळा दिसतो तो त्या आवरणात भरलेल्या पाण्यामुळे. आवरणाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर साखर तयार करतं आणि प्रवाळाची बरीचशी भूक त्यावरच भागते. खाली धारदार दगड आणि वर पाण्याने फुगलेली नाजूक कातडी हे चित्र डोळ्यासमोर ठेवलं, की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

खरेदीच्या आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्याच यादीत. शब्द ‘सगळे’ असा आहे, अमुक प्रजातीला सूट अशी सोय त्यात नाही. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. अंदमान-लक्षद्वीपच्या सहलीत किनाऱ्यावर पडलेला मेलेला सांगाडा बॅगेत टाकून आणणंही चालत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे छोटेसे प्रवाळ २०२० मध्ये हलवायचे होते, तेव्हा महापालिकेलासुद्धा वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. परदेशातून येणारे दगडी प्रवाळ साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतात, म्हणजे तिथला निर्यात परवाना लागतो. आणि साइटीसच्या यादीतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, असे नियम २०२४ मध्ये आले आहेत.

‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य म्हणजे कागद नव्हे. आयातीची पूर्ण साखळी दाखवणारे कागद आणि वन विभागाचं लेखी उत्तर हातात नसेल तर ब्रेन कोरल घेऊ नका. ठाणे-नवी मुंबईत नव्याने टँक लावणाऱ्याला आमचा सल्ला सरळ आहे: पाणी, प्रकाश, तापमान सगळं पुढे दिलंय तसंच ठेवा आणि त्यात मऊ प्रवाळ वाढवा. मशरूम, लेदर, झोअँथिड ही मंडळी दगडी प्रवाळांत मोडत नाहीत. त्यांचंही बिल मागा. समुद्रपंखा आणि ऑर्गन पाइप मात्र अनुसूचीत आहेत, ते नकोत. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरा. त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, म्हणून त्यांचा खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याखाली घासू नका. ज्यांच्याकडे कागदांसह ब्रेन कोरल आधीपासून आहे, आणि ज्यांना मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यात डोकं बुडवल्यावर समोर काय आहे हे ओळखायचंय, त्यांच्यासाठी पुढची माहिती.

ओळखीसाठी रंग सोडून द्या. लाल, हिरवा, निळसर हे रंग एकाच जातीत सगळे सापडतात, शिवाय निळ्या एलईडीखाली बरेच प्रवाळ चमकतात. सांगाडा बघा. पांढऱ्या टॉर्चच्या उजेडात, मांस आक्रसलेलं असताना, बाजूने आणि खालून.

पहिला प्रश्न: तो खडकाला चिकटलेला आहे की सुटा? सुटा असेल, बूड भोवऱ्यासारखं निमुळतं असेल आणि वरून आकार डमरूसारखा, मध्ये चिमटलेला असेल, तर तो ट्रॅकिफिलिया जिओफ्रॉयी. बाजारात ओपन ब्रेन म्हणतात तो हाच. निसर्गात तो खाडीसारख्या शांत, वाळूच्या तळावर सुटाच पडलेला असतो. वेलसोफिलिया नावाने लाल गोळा विकला जातो, तो वेगळा वंश नाही, हाच.

चिकटलेला असेल तर वळ्यांमधल्या भिंती बघा. दोन शेतांत एकच सामाईक बांध असावा तशी दोन खळग्यांमध्ये एकच भिंत असेल आणि खळगे बंद, कोनदार असतील, तर फॅव्हाइट्स. प्रत्येक शेताला स्वतःचा बांध आणि मधून पाणी जायला चर असावी तसं असेल, तर डिप्सास्ट्रिया. जुन्या पुस्तकांत याला फॅव्हिया म्हटलेलं सापडेल, आता ते नाव अटलांटिकमधल्या प्रवाळांपुरतं उरलंय. बांध सामाईक पण शेतं बंद न होता कुरडईच्या वेटोळ्यांसारखी लांबच लांब वळत गेली असतील, तर प्लॅटिजायरा, म्हणजे मेझ ब्रेन. तेच वेटोळे बारीक आणि अगदी एकसारख्या रुंदीचे असले तर लेप्टोरिया.

आता दाते. भिंतीवरून आत जाणाऱ्या पातळ, उभ्या पडद्यांच्या कडा नारळाच्या खवणीसारख्या मोठ्या, टोकदार दातांच्या असतील आणि मांस जाड, खरखरीत दिसत असेल, तर लोबोफिलिया. त्याचे फुगीर भाग बुडाशी जोडलेले पण वर सुटे असतात. ज्यांत वळ्या जोडलेल्या आणि भिंतीच्या माथ्यावरून बारीक चर गेलेली, त्यांना पूर्वी सिंफिलिया म्हणत, ते आता लोबोफिलियातच घेतले आहेत. ट्रॅकिफिलियाचे दाते बारीक असतात. आकाराने नुसती गोल बशी, एकच तोंड आणि फुग्यासारखं पारदर्शक मांस असेल तर तो सायनारिना. तो ब्रेन कोरल नाही, पण त्याच नावाखाली खपतो.

व्यवहारात दोन गट पुरतात. जाड मांसाचे ट्रॅकिफिलिया आणि लोबोफिलिया: मंद प्रवाह, मध्यम-कमी प्रकाश, हाताने खायला घालणं. पातळ मांसाचे फॅव्हाइट्स, डिप्सास्ट्रिया, प्लॅटिजायरा: थोडा जास्त प्रवाह आणि प्रकाश, आणि शेजाऱ्यांपासून सगळ्या बाजूंनी निदान १५ सेंटिमीटर मोकळी जागा. त्यांच्या लढाया रात्री चालतात. सकाळी शेजारच्या प्रवाळावर पांढरा चट्टा दिसला, तर दिवे गेल्यावर दोन-तीन तासांनी लाल टॉर्च घेऊन बघा, शुंडा दिसतील.

टँक निदान २०० लिटरचा असावा आणि पाणी घातल्यापासून सहा-आठ महिने झालेले असावेत. अमोनिया शून्यावर येणं ही फक्त सुरुवात असते. सहा महिन्यांत केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डिग्रीत) आणि नायट्रेटची चाल कळते आणि ती कळल्याशिवाय दगडी प्रवाळ टाकण्यात अर्थ नाही. खडक, वाळू, स्टँड धरून २०० लिटरच्या टँकचं वजन ३०० किलोच्या आसपास जातं. तो हॉलच्या मध्यभागी न ठेवता बीमवरच्या भिंतीला लावून ठेवा. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये शिरत नाही.

नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं, ठाण्याला भातसा-उल्हासचं. दोन्ही मऊ आहेत, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी असतो, म्हणून ‘नळाचंच चालेल’ असं वाटतं. पण त्यात क्लोरीन असतं, शैवालाला पोसणारे फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतात, आणि मे महिन्यात सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळलं की सगळंच बदलतं. स्वयंपाकघरातला आरओही उपयोगाचा नाही, कारण त्यात चवीसाठी खनिजं परत मिसळतात. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षारही शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा असलेलं वेगळं युनिट घ्या आणि टीडीएस मीटरवर शून्य येईल तेच पाणी वापरा. जून-जुलैत गढूळ पाण्याने सेडिमेंट फिल्टर लवकर भरतो, तो एकदा जास्त बदलावा लागतो. ठाणे खाडीचं किंवा वाशीच्या पुलाखालचं पाणी गाळून, उन्हात ठेवून, कशाही प्रकारे टँकमध्ये घालू नका.

मीठ घालताना २० लिटर शुद्ध पाण्याला साधारण ७५० ग्रॅम सॉल्ट मिक्स लागतं, ब्रँडनुसार थोडं पुढेमागे. शेवटचा निकाल रिफ्रॅक्टोमीटरचा, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या यंत्राचा: ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे १.०२६ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व. तो साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर महिन्यातून एकदा जुळवून घ्या. बाकीचे आकडे असे: तापमान २५ ते २६ अंश, केएच ८ ते ९, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम. शेवटचे दोन शून्य करायच्या मागे लागू नका. अगदी स्वच्छ पाण्यात जाड मांसाचे प्रवाळ उपाशी राहतात आणि फिकट पडतात.

या सगळ्यात रोजचा आकडा केएच. सांगाडा वाढताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो. केएच १ ने उतरतो तेव्हा कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने उतरतं. ४२० चं ४१३ झालेलं घरच्या किटवर कळत नाही, पण ८ चं ७ झालेलं लगेच कळतं. म्हणून केएच मोजायचा, आणि दर वेळी त्याच वेळेला, कारण दिवसभरात तो हलतो.

हिशोब करून बघा. टँक २४० लिटरचा आहे, खडक वजा जाता पाणी २०० लिटर. सोमवारी केएच ८.६ आला, काहीही न घालता गुरुवारी ७.७. तीन दिवसांत ०.९, म्हणजे रोजचा खप ०.३. १०० लिटर पाण्याचा केएच १ ने वाढवायला खायचा सोडा ३ ग्रॅम लागतो, २०० लिटरला ६. रोज ०.३ साठी १.८ ग्रॅम. किराणा दुकानातला साधा खायचा सोडा चालतो, पण बेकिंग पावडर नाही, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. सोडा २०० मिली आरओ पाण्यात विरघळवून सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत), जोराच्या प्रवाहात हळूहळू ओता. तेवढ्याच खपाला कॅल्शियम रोज २ पीपीएम कमी होतं, त्यासाठी कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट दीड ग्रॅम. दोन्ही एकाच वेळी ओतले तर पाण्यात पांढरी भुकटी होऊन दोन्ही वाया जातात. एक सकाळी, एक रात्री.

केएच आधीच ६.५ वर घसरला असेल तर एका दिवसात ८.५ करू नका. दिवसाला अर्धा, पुरे. सांगाडा आणि मांस यांचा वाढीचा वेग एकमेकांशी जुळलेला असतो, आणि केएच एकदम उसळला की सगळ्यात आधी कडेचं मांस जातं. पाणी बदलतानाही हेच लक्षात ठेवा. काही सॉल्ट मिक्सचा केएच ११ असतो. ८ च्या टँकमध्ये १० टक्के पाणी बदललं तर फरक ०.३, ५० टक्के बदललं तर दीड. आठवड्याला १० टक्के हा आकडा म्हणूनच बरा.

उन्हाळा हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या पश्चिमेकडच्या खोलीत दिवे आणि पंप चालू असलेला टँक ३१ अंशांवर सहज जातो. तिथे काही दिवस राहिला की प्रवाळ मांसातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाण्यावर फुंकणारा पंखा दोन-तीन अंश उतरवतो, पण तो बाष्पीभवनावर चालतो. जुलैच्या दमट हवेत त्याचा जोर अर्ध्यावर येतो, आणि उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडतं. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई खाऱ्या पाण्याने न करता शुद्ध आरओ पाण्याने करायची. इथे दगडी प्रवाळ ठेवायचा तर चिलर खर्चात धरूनच चला. आणि तो बंद कपाटात कोंडू नका. टँकमधली उष्णता तो त्याच खोलीत ओततो, हवा खेळली नाही तर स्वतःच गरम होऊन बंद पडतो.

जागेबद्दल थोडक्यात. ट्रॅकिफिलिया बारीक वाळूच्या ३ ते ५ सेंटिमीटर थरावर, निमुळतं बूड वाळूत रुतवून. खडकाच्या खाचेत बसवला तर दिवसा मांस फुगून खडकाच्या धारेवर घासतं, रोज त्याच जागी. जाड मांसाच्या गटाला ५० ते १२० पार (पीएआर, शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) प्रकाश पुरतो, पातळ मांसाच्या गटाला १०० ते २००. नवीन आलेल्याला दिवे ४० टक्क्यांवर ठेवून तीन आठवड्यांत वर न्या. प्रवाह इतकाच की मांस हलकंसं डुलावं, फडफडू नये, आणि वळ्यांत कचरा साचू नये. बटू एंजल आणि बटरफ्लाय मासे या मांसाचे लचके तोडतात, ते या टँकमध्ये नकोत. तांब्याचं औषध आणि पितळी जोडणी कधीच नको.

हलवताना आधी बोटाने पाणी हलवून मांस आक्रसू द्या, दहा मिनिटं थांबा, मग सांगाड्याला खालून धरून उचला. फुगलेला गोळा तसाच पाण्याबाहेर काढला की आत भरलेल्या पाण्याचं वजन कातडीला लटकतं आणि ती सांगाड्याच्या दात्यांवर फाटते. वरवर काही दिसत नाही. चार दिवसांनी तिथे पांढरी रेघ उमटते.

खायला घालणं आठवड्यातून एकदा-दोनदा, दिवे मंद झाल्यावर. फ्रोझन मायसिस (कोलंबीसारखे बारीक जीव) किंवा ताजी कोलंबी. कोलंबी बाजारातून आणून सोलून, आरओ पाण्यात धुऊन, निदान दोन दिवस डीप फ्रीझ करून मग मसुराएवढे तुकडे करा. सुका जवळा नको. आधी कोलंबीच्या पाण्याचे दोन थेंब जवळ सोडा. पंधरा-वीस मिनिटांत तोंडाच्या कडेने बारीक, पारदर्शक शुंडा उभ्या राहतात आणि मधली चीर किंचित उघडते. आता पंप बंद करा आणि पिपेटने तुकडा अलगद मांसावर ठेवा. कडा आतल्या बाजूला दुमडत येतात आणि तुकडा हळूहळू तोंडाकडे सरकतो, पूर्ण गिळायला अर्धा तास लागू शकतो. मासे आणि हर्मिट खेकडे तो तेवढ्यात ओढून नेतात. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, झाकण काढून तो टोपीसारखा वीस-तीस मिनिटं वर ठेवला की प्रश्न मिटतो. पंप पुन्हा चालू करायला विसरू नका. दुसऱ्या दिवशी चिकट गोळा बाहेर पडलेला दिसला तर तुकडा मोठा होता.

बिघाड ओळखताना पांढऱ्या रंगाला फसू नका. प्रवाळ पांढरा पडलाय, पण टॉर्च तिरपा धरल्यावर वर ओलसर, पारदर्शक साय दिसते आणि रात्री शुंडा येतात? मग तो जिवंत आहे, फक्त शैवाल गेलंय. तापमान उतरवा, प्रकाश निम्म्यावर आणा, आठवड्यातून तीनदा अगदी बारीक खाऊ द्या. परत रंग यायला महिने लागतात, पण येतो. उलट कोरडे, टोकदार दाते उघडे दिसत असतील तर तेवढं मांस मेलेलं आहे. ते कडेने सुरू झालं असेल तर आधी केएचच्या नोंदी बघा, मग शेजारी, मग खडकाची धार.

तपकिरी, बुळबुळीत, सडका वास येणारा थर दिसला तर वाट बघू नका. एक-दोन दिवसांत तो पूर्ण प्रवाळ खातो आणि शेजारच्यावर जातो. पंप बंद करून तो थर बारीक नळीने ओढून बाहेर टाका, प्रवाळ वेगळ्या भांड्यात टँकच्याच पाण्यात घ्या, आयोडीनच्या कोरल डिपमध्ये बाटलीवरच्या प्रमाणाने आणि वेळेने बुडवा, आणि परत न ठेवता वेगळ्या छोट्या टँकमध्ये ठेवा.

वीज जाणं आणि धूर फवारणी या दोन गोष्टींची तयारी पावसाळ्याआधी करा. वीज गेली की आधी संपतो तो ऑक्सिजन, तापमान नंतर चढतं. म्हणून इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप) जोडा, चिलर नको, आणि बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा. महापालिकेची डासांसाठी धुराची गाडी आली किंवा सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं, तर खिडक्या बंद करून स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप तासभर बंद ठेवा. ही दोन्ही यंत्रं खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात फेटतात, आणि त्या धुरातली कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांना आणि माशांना मारतात. मेलेले जीव सडून अमोनिया चढला की प्रवाळाची पाळी येते. टँकच्या खोलीत मॉस्किटो कॉइलही लावू नका.

मांस मागे सरकून सांगाडा उघडा पडला म्हणजे सगळं संपलं असं नाही. उघड्या भागावर हिरवं केसाळ शैवाल बसू दिलं नाही, तर मांस पुन्हा पुढे येतं. मऊ दातांचा टूथब्रश घेऊन फक्त उघडा दगड घासा, जिवंत कडेपासून अर्धा सेंटिमीटर दूर राहून, आणि सुटलेलं शैवाल लगेच नळीने ओढून घ्या. केएच स्थिर असेल तर काही आठवड्यांनी कडेला एक फिकट, गोलसर झालर दिसू लागते. फाटलेली, अणकुचीदार कड गोल झाली की समजा मांस थांबलंय आणि आता पुढे सरकणार आहे.